पंचविसावा नाही, सव्विसावा चालेल का?

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या एका ताईंच्या लग्नाला तीन महिन्यांनी, जूनमध्ये, 25 वर्षं होतील. इटलीतल्या डोलोमाइट डोंगरांत, व्हाल दि फुनेस खोऱ्यात सांता माद्दालेना नावाचं लहानसं गाव आहे. दोघांना आठवडाभर तिथेच राहायचंय. एजंटने दोघांचे 6 लाख सांगितलेत, हाताशी 2 लाख आहेत. बाकीच्या 4 लाखांसाठी 14 टक्क्यांनी वैयक्तिक कर्ज घ्यावं की एफडी मोडावी? यजमानांची नोकरी खासगी, घरात 78 वर्षांच्या सासूबाई.

ताई, दोन्ही नको. पण गावाला जरूर जा.

एफडीचं आधी सांगतो. सासूबाईंचं वय आणि खासगी नोकरी पाहता तो पैसा सहलीचा नाहीच. आता कर्ज. 4 लाख, 14 टक्के, तीन वर्षं म्हणजे महिना साधारण 13,670 चा हप्ता आणि एकूण 92,000 च्या आसपास व्याज. आठवड्याच्या सहलीसाठी छत्तीस महिने हप्ते!

खरं तर मला तो 6 लाखांचा आकडाच खटकला. एजंटकडून खर्चाची फोड मागून घ्या. व्हेनिसहून खासगी गाडी, ड्रायव्हर, वाटेत बड्या हॉटेलातल्या दोन रात्री असं काहीतरी त्यात असणार. तुम्हाला तर गावातच राहायचंय. म्युनिकला उतरलात तर इन्सब्रुक-ब्रेनरमार्गे ब्रेसानोनेपर्यंत थेट रेल्वे आहे, पुढे गावापर्यंत बस. मुक्काम इटलीत असल्याने व्हिसा इटलीचाच काढायचा. तिथले बरेच घरमालक पाहुण्यांना गेस्ट पास देतात, त्यावर त्या प्रांतातल्या बस-रेल्वे फुकट. बुकिंगआधी तेवढं विचारून घ्या.

गावाचं नावही नीट तपासा. हा भाग पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियाकडे होता, लोक आजही जर्मन बोलतात आणि पाट्यांवर दोन-दोन नावं असतात. तुमचं खोरं जर्मनमध्ये फिलनॉस. त्याच प्रांतात आणखी सांता माद्दालेना आहेत. परतावा न मिळणारं बुकिंग भलत्याच गावी झालं, तर पैसे बुडाले.

माझा अंदाज, दोघांचा मिळून: विमान 1,30,000. व्हिसा (माणशी 90 युरो आणि वर सेवाशुल्क) व विमा 30,000. शेतघरातला स्वयंपाकघर असलेला फ्लॅट, सात रात्री, 91,000. जेवणखाण 42,000, रेल्वे वगैरे 30,000, वरखर्चाला 40,000. बेरीज 3,63,000. भाजणी, पोहे सोबत न्या. तूप नको, बाहेरचे दुधाचे पदार्थ तिथे नेऊ देत नाहीत.

हिंडण्याला फारसा खर्च नाही. गाइसलर सुळक्यांच्या पायथ्याची आडोल्फ मुंकेल पायवाट फुकट, आणि या गावाच्या फोटोंत नेहमी दिसणारं कुरणातलं चर्च रस्त्यावरूनही छान दिसतं. सुळक्यांच्या पलीकडच्या सेचेदाला जायचं तर केबल कार महाग, दोघांचे शंभर युरोच्या आसपास जातील. एक दिवस जा, पण ते वरखर्चात धरा.

म्हणजे कमी पडतात साधारण 1,63,000. कर्जाचा जो हप्ता भरायला तुम्ही तयार होतात, तोच 13,700 एप्रिलपासून आरडीत टाका. बारा हप्त्यांत 1,64,400 होतात, वर थोडं व्याज. पुढच्या जूनला, त्याच तारखेला, तुम्ही त्या गावात असाल आणि डोक्यावर कर्ज नसेल. विमानाचं तिकीट पुढच्या जानेवारी-फेब्रुवारीतच काढा. त्यासाठी हातातले 2 लाख आहेतच. युरो वधारलाच, तर एप्रिल-मेचे दोन हप्ते आणखी टाकता येतील.

तिथे कार्ड वापरताना यंत्राने ‘रुपयांत की युरोत’ विचारलं तर युरोच निवडा. रुपयांचा दर तिथला दुकानदार किंवा त्याची बँक लावते आणि तो सहसा महागातच पडतो. आणि पॅकेजच घेतलंत तर त्यावर कापलेला टीसीएस (एजंटने आगाऊ घेतलेला प्राप्तिकर) विवरणपत्र भरताना मागून घ्या, बरेच जण विसरतात.

राहिला यंदाचा पंचविसावा. जूनच्या सुरुवातीला भंडारदऱ्याला काजवे असतात, दोन दिवस जाऊन या. नाशिकहून ते काही लांब नाही.