तळघराच्या ओलीला आतून क्रिस्टलाइन कोटिंग चालेल का?

भिंत आरसीसीची आहे, बाहेरून खोदायला जागा नाही, जमिनीतलं पाणी वर आलं की ओल चढते, आणि आतल्या प्लास्टरवर कोटिंग मारून भागेल का, असं तुम्ही विचारलंय. आतून चालेल. प्लास्टरवर मात्र अजिबात नको.

काँक्रीट ओतताना सिमेंटला लागतं त्याहून जास्त पाणी घालावं लागतं, नाहीतर माल साच्यात नीट बसत नाही. हे जादा पाणी मागे केसाहून बारीक वाटा सोडून जातं आणि ओल त्यांतूनच सरकते. क्रिस्टलाइन कोटिंग म्हणजे पाण्यात कालवून भिंतीला लावायची पावडर. तिच्यातली रसायनं या वाटांतल्या पाण्यावाटे आत शिरतात. तिथलं कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि क्रिया न झालेलं सिमेंट यांच्याशी संयोग होऊन न विरघळणारे, सुईसारखे स्फटिक वाढतात. म्हणूनच आतून लावलं तरी जमतं. मागून दाब आला की रंगाचा थर फुगून सुटतो. इथे वाटाच बुजलेल्या असतात. प्लास्टरवर लावलं तर स्फटिक प्लास्टरमध्ये वाढतील, आणि पाणी प्लास्टर आणि भिंत यांच्या मधून खाली उतरत राहील.

म्हणून आधी प्लास्टर काढा. काढल्यावर एक करा. उघड्या काँक्रीटवर ओंजळभर पाणी मारा. पाणी शोषून डाग गडद झाला तर छान. थेंब घरंगळून गेले तर शटरिंगचं (काँक्रीटच्या साच्याचं) तेल किंवा सिमेंटची गुळगुळीत साय अजून वर आहे. आम्ही एका टाकीत हे न बघता काम केलं होतं. महिन्याभरात कोटिंगचे तळहाताएवढे पापुद्रे नखाने निघत होते आणि त्यांच्या मागची बाजू तेलकट होती. सगळं घासून पुन्हा करावं लागलं. हे काम करताना माझा निम्म्याहून जास्त वेळ ब्रश हातात घेण्याआधीच जातो आणि तो जायलाच हवा.

भेगांचं म्हणाल तर साधारण ०.४ मिमीपर्यंतच्या, न हलणाऱ्या भेगा स्फटिक बुजवू शकतात. त्याहून मोठ्या भेगा, हनीकोंब (काँक्रीटमध्ये राहिलेल्या पोकळ, खडबडीत जागा), टाय रॉडची (साचा धरून ठेवणाऱ्या सळयांची) भोकं आणि भिंत-फरशीचा सांधा हे सगळं खणून मॉर्टरने भरून घ्या. पाणी वाहतच असेल तर आधी झटपट सेट होणाऱ्या प्लगने ते थांबवा. एक्सपान्शन जॉइंटला, म्हणजे बांधकाम हलायला मुद्दाम सोडलेल्या फटीला, हे औषध नाही, तिथे वॉटरस्टॉप (सांध्यात बसवायची पाणी अडवणारी पट्टी) किंवा लवचीक सीलंटच लागतो. सळई गंजून काँक्रीट फुटलं असेल तर आधी ती दुरुस्ती करा.

कोटिंगच्या आधी भिंत पाण्याने तृप्त करा, पण वर पाणी साचलेलं नको. स्लरी (पाण्यात कालवलेली पावडर) अर्ध्या तासात संपेल एवढीच कालवा. घट्ट झाली म्हणून वरून पाणी घालू नका. नंतर दोन-तीन दिवस, दिवसातून तीनदा हलका फवारा मारा. बहुतेक लोक इथेच हात आखडतात. ओल नसेल तर रसायनं आत जाणार कशी?

स्फटिक वाढायला काही आठवडे लागतात, त्यामुळे आठवड्याभरात भिंत कोरडी झाली नाही म्हणून घाबरू नका. पांढरी भुकटी वर आली तर ती धुऊन निघते. रंगाची घाई मात्र करू नका. जमिनीतलं पाणी एकदा पुन्हा वर येऊन जाऊ द्या, तोवर भिंत उघडीच ठेवा. एखादी जागा राहून गेली असेल तर ती डोळ्यांना दिसेल आणि तेवढीच दुरुस्त करता येईल.