स्ट्रीमर, डॅक, अँप्लिफायर: नक्की काय घ्यायचं?

तुमच्याकडं जुना अँप्लिफायर (अँप) आणि दोन स्पीकर हायत, इंटरनेटवरची गाणी त्यावर ऐकायला काय घ्यावं म्हणताय, मग अर्धं काम झालंय, दुकानदार सांगतोय म्हणून सगळा सेट नवा घेऊ नका. स्ट्रीमर म्हणजे वायफायवरनं गाणं ओढून घेणारा डबा, डॅक त्या डिजिटल आकड्यांचा अ‍ॅनालॉग सिग्नल, म्हणजे अँपला कळणारी विजेची लहर करतोय, आणि अँप त्याला स्पीकर हलवायची ताकद देतोय, एवढंच. बऱ्याच स्ट्रीमरमध्ये डॅक आतच असतोय, त्यामुळं मागं लाल-पांढरं आरसीए आउटपुट (दोन गोल सॉकेट) असलेला घ्या आणि अँपच्या ऑक्सला, म्हणजे बाहेरचं यंत्र जोडायच्या सॉकेटला जोडा. 'अ‍ॅक्टिव्ह स्पीकर' म्हणजे अँप पोटातच, तुम्हाला नकोत.

ब्लूटूथ आणि वायफाय मात्र एक समजू नका. ब्लूटूथमध्ये गाणं फोनमधनं जातंय आणि दाबून बारीक होऊन जातंय, साधं एसबीसी कोडेक (गाणं दाबायची पद्धत) साधारण ३२८ केबीपीएसपर्यंतच, म्हणजे सेकंदाला ३२८ किलोबिट, सीडी १४११ केबीपीएसची. स्पॉटिफाय कनेक्ट किंवा क्रोमकास्टमध्ये डबा स्वतःच इंटरनेटवरनं गाणं घेतोय, फोन नुसता रिमोट, कॉल आला तरी गाणं थांबत नाही.

लॉसलेस म्हणजे काही न गाळता, सीडीएवढं, १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झ (आवाज किती बारकाईनं आणि सेकंदाला किती वेळा टिपला ते). हाय-रेझ त्याच्या वर, २४ बिटवालं, पण त्यासाठी जादा पैसे घालू नका. गायक अल्लादियाखाँसाहेबांच्या कोल्हापुरात आपण त्यांच्या शिष्या केसरबाईंच्या जुन्या ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्या मनापासनं ऐकतो, त्यात मुळात जे टिपलंच गेलं नाही ते २४ बिटमध्ये कुठनं येणार? उरलेले पैसे स्पीकरवर घाला, फरक तिथं ऐकू येतोय.