दमा लपवू नका, आणि दोन वर्षांची पॉलिसीही घेऊ नका

प्रश्न : माझा मुलगा २४ वर्षांचा आहे. ऑक्टोबरपासून जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठात एम.एस.ला जातोय. सीताबर्डीतल्या एका एजंटने दोन वर्षांची स्टुडंट ट्रॅव्हल पॉलिसी सुचवली आहे. एक लाख डॉलरचं कव्हर, प्रीमियम ३८ हजार. मुलाला लहानपणापासून दमा आहे, थंडीत पंप लागतो. एजंट म्हणतो, फॉर्मवर लिहूच नका, उगाच अडकेल. काय करावं?
– एक आई, मानेवाडा

उत्तर : ताई, आधी तो फॉर्म एजंटकडून परत मागून घ्या.

मी २६ वर्षं एका विमा कंपनीच्या नागपूर ऑफिसात क्लेमच्या टेबलावर काढली. पॉलिसी विकणारे वरच्या मजल्यावर एसीत बसायचे, आम्ही खाली फायलींत. त्यामुळे पॉलिसी हातात आली की मी शेवटच्या पानापासून वाचतो, ‘यात काय मिळणार नाही’ तिथून. एका पोराची फाइल अजून आठवते. परदेशात रात्री दम लागला, ॲम्ब्युलन्सने नेलं, दोन दिवस ॲडमिट होता. फॉर्मवर जुन्या आजाराच्या रकान्यात ‘नाही’. तिथल्या डॉक्टरने विचारलं तेव्हा पोराने खरं ते सांगितलं. श्वास कोंडलेला माणूस एजंटचा सल्ला आठवत बसतो का? केसपेपरवर पहिलीच ओळ आली : लहानपणापासून दमा. त्या ओळीवर क्लेम गेला. नामंजुरीचं पत्र मीच टाइप करून घेतलं. वडील ते न्यायला खामल्याहून सायकलवर आले होते. मी चहा मागवला, त्यांनी घेतला नाही.

म्हणून दमा लिहायचाच. पण लिहिल्यावर सगळं मिळतं असंही समजू नका. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅव्हल पॉलिसी जुन्या आजारावर एक तर पैसे देत नाहीत, नाही तर जिवावर बेतलं तेवढ्यापुरतेच देतात. ते कलम मराठीत समजावून सांगा, असं एजंटला म्हणा. तो अडखळला तर तुम्हाला कळेलच.

आता मुद्द्याचं. तुम्हाला दोन वर्षांची पॉलिसी लागतच नाही. जर्मनीत तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला तिथल्या सरकारी व्यवस्थेतला आरोग्य विमा सक्तीचा असतो. आपली पोरं त्याला ‘पब्लिक’ म्हणतात. टीके, एओके, बार्मर ही त्यातली मोठी नावं. महिन्याला दीडशे युरोंच्या आसपास पडतो. तो महाग वाटेल, पण तुमच्या मुलासाठी त्यात एक सोनं आहे : दमा आहे म्हणून त्याला नाकारता येत नाही आणि त्यासाठी जादा हप्ताही लावता येत नाही. पंप डॉक्टरने लिहून दिला की दुकानात पाच ते दहा युरो भरायचे, बाकीचं विमा बघतो. विद्यापीठातली नावनोंदणीही याच विमा संस्थेकडून थेट संदेश गेल्यावरच पुढे सरकते. भारतातल्या ट्रॅव्हल पॉलिसीवर ती होत नाही. म्हणजे ते ३८ हजार भरूनही तिथे पोचल्यावर पब्लिकचे पैसे वेगळे द्यावेच लागतील.

एक सापळा सांगून ठेवतो. तिथे कोणी तरी, बहुधा आपल्याकडचाच सीनियर, ‘प्रायव्हेट घे, तीस-चाळीस युरोत होतं’ म्हणेल. प्रायव्हेट घ्यायचं तर पब्लिकमधून सूट मागावी लागते, आणि ती एकदा घेतली की त्या शिक्षणापुरती परत फिरवता येत नाही. दमा असलेल्या पोराने या वाटेला जाऊ नये. हे त्याला विमानात बसायच्या आधी सांगा. नंतर व्हॉट्सॲपवर आईचं कोण ऐकतं!

मग इथून घ्यायचं काय? विमानात बसल्यापासून तिथला विमा सुरू होईपर्यंतची पॉलिसी. व्हिसाला ती लागतेच, किमान ३० हजार युरोंच्या कव्हरची. हिवाळी सत्र बहुतेक विद्यापीठांत १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि पोरं सप्टेंबरातच जातात, खोली शोधायला. नोंदणी रेंगाळली तर हाताशी असावी म्हणून ९० दिवसांची घ्या. सुरुवातीची तारीख प्रवासाचीच टाका. आणि अशा अनेक पॉलिसी देशाबाहेर पडल्यावरच लागू होतात. नागपूर ते मुंबई बॅग हरवली तर ती भानगड विमान कंपनीशी, हे लक्षात असू द्या.

तीन महिन्यांचे पंप आणि औषधाच्या मूळ नावाने लिहिलेलं इंग्रजी प्रिस्क्रिप्शन रामदासपेठेतल्या तुमच्या डॉक्टरकडून घ्या. पॉलिसीवरचा १८०० ने सुरू होणारा फोन परदेशातून सहसा लागत नाही. बाहेरून लागणारा नंबर आधी मागा आणि पोराच्या पाकिटात कागदावर लिहून ठेवा, मोबाइलमध्ये नाही.

प्रश्न : मुलगी अमेरिकेत चालली आहे. विद्यापीठाचा विमा वर्षाला तीन हजार डॉलर सांगतात. नागपुरात घेतला तर त्याच्या पावपटीत होतो. इथूनच घेऊ ना?
– प्रतापनगर

उत्तर : घ्या, पण आधी विद्यापीठाचा वेव्हर फॉर्म, म्हणजे त्यांच्या विम्यातून माफी मागायचा फॉर्म, समोर ठेवा. आमच्या घरात उलटं झालं. भाचीने इथली पॉलिसी घेतली, तिकडे विद्यापीठाने माफी नाकारली, कारण तिच्या पॉलिसीत दर आजाराला खर्चाची कमाल मर्यादा होती. दोन्हीकडचे पैसे गेले. बहिणीने मला वर्षभर ऐकवलं, ‘घरात विमावाला असून काय उपयोग!’

एफ-१ या नेहमीच्या विद्यार्थी व्हिसाला तिथल्या सरकारने विम्याची रक्कम ठरवलेली नाही, अटी विद्यापीठाच्या. जे-१, म्हणजे देवाणघेवाण कार्यक्रमाचा व्हिसा, असेल तर मात्र नियम पक्का आहे : दर आजार किंवा अपघाताला किमान एक लाख डॉलर, रुग्णाला हलवण्यासाठी ५० हजार, पार्थिव मायदेशी आणण्यासाठी २५ हजार, आणि डिडक्टिबल ५०० डॉलरच्या वर नाही. डिडक्टिबल म्हणजे पहिले तेवढे पैसे तुमच्या खिशातून. फॉर्मवरची प्रत्येक अट पॉलिसीत पेन्सिलने शोधा. मानसिक उपचार आहेत का, तेही बघा. पोरं एकटी पडतात, आणि ते घरी सांगत नाहीत. वेव्हरची मुदत सत्राच्या सुरुवातीलाच संपते, दिवाळीला फोन करून उपयोग नाही.

प्रश्न : मुलाच्या ब्रिटनच्या व्हिसासोबत १,१६४ पौंड आरोग्य अधिभार भरला. आता आणखी विमा कशाला?
– एक वडील, नंदनवन

उत्तर : भाऊ, दवाखान्यापुरता नकोच. वर्षाला ७७६ पौंड आणि व्हिसाच्या वरच्या चार महिन्यांसाठी त्याच्या निम्मे, हिशेब बरोबर आहे. त्यात एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, मिळते. दाताचे पैसे लागतात, आणि इंग्लंडात प्रिस्क्रिप्शनवरच्या दर औषधाला ९.९० पौंड पडतात. दात धंतोलीत दाखवूनच पाठवा.

पॉलिसी घ्यायचीच तर पासपोर्ट आणि बॅग हरवणं, विमान चुकणं, आणि स्पॉन्सर प्रोटेक्शन यांच्यासाठी लहानशी घ्या. या शेवटच्या कलमात फी भरणाऱ्याचं बरंवाईट झालं तर उरलेली फी ठरलेल्या मर्यादेपर्यंत मिळते. घरात कमावते तुम्ही एकटे असाल तर तेवढं कलम मोलाचं. फक्त फॉर्मवर स्पॉन्सरच्या जागी तुमचं नाव आहे ना ते बघा. माझ्या टेबलावर अशा फायली आल्यात, ज्यात तिथे मुलाचंच नाव घातलेलं होतं.