टिप चाचपते की चाचपडते?

एका अनुवादकाचा प्रश्न असा आहे: जिवंत पेशीच्या पृष्ठभागावरची प्रथिने अणुबल सूक्ष्मदर्शकाने (टिप, म्हणजे अतिसूक्ष्म टोक, पृष्ठभागावर टेकवून बल मोजणाऱ्या यंत्राने) कशी अभ्यासतात, यावरच्या लेखाच्या अनुवादात 'यंत्राची टिप पेशीचा पृष्ठभाग चाचपडत जाते आणि प्रथिनाशी जुळलेला बंध तोडते' असे वाक्य होते. संपादकांनी 'चाचपडत' काटून 'चाचपत' केले. यात खरेच फरक आहे, की ही त्यांची आवड?

फरक आहे आणि संपादक बरोबर आहेत. फक्त त्यांनी त्याच वाक्यातले 'तोडते' तसेच राहू दिले, ते मला जास्त खटकले.

'चाचपणे' सकर्मक आहे. 'त्याने खिसा चाचपला', 'डॉक्टरांनी पोट चाचपले'. 'चाचपडणे' बहुधा अकर्मक येते: 'तो अंधारात चाचपडला'. 'त्याने अंधार चाचपडला' असे कोणी म्हणत नाही. चाचपणाऱ्याच्या हाताखाली वस्तू असते, ती कशी आहे एवढेच त्याला कळून घ्यायचे असते. चाचपडणाऱ्याला मुळात वस्तूच सापडलेली नसते. म्हणून तर पक्ष निवडणुकीआधी उमेदवारांची चाचपणी करतात आणि निकाल फिरला की चाचपडतात. बोलण्यात सरमिसळ होतेच. 'जरा चाचपडून बघ, किल्ली खिशातच असेल' हे मी चूक म्हणणार नाही, कारण तिथे किल्ली हरवलेली आहे.

आता हे यंत्र काय करते ते पाहा. गेर्ड बिनिग, कॅल्व्हिन क्वेट आणि क्रिस्टोफ गेर्बर यांनी ते 1986 मध्ये मांडले. बिनिग यांच्याच आधीच्या टनेलिंग सूक्ष्मदर्शकाला वीज वाहून नेणारा नमुना लागे. पेशी तिथे बाद. नव्या यंत्रात एका बाजूने धरलेली लवचीक पट्टी असते, तिला कँटिलिव्हर म्हणतात. पट्टीच्या मोकळ्या टोकाखाली काही नॅनोमीटर जाडीच्या अग्राची टिप. पट्टीच्या पाठीवर लेसरचा झोत पडून परावर्तित होतो, पट्टी जराशी वाकली की झोताचा ठिपका प्रकाशसंवेदकावर सरकतो. हे सगळे पाण्यात, पोषक द्रवात चालते, म्हणून पेशी जिवंत ठेवता येते. टिपखालून निसटू नयेत म्हणून गोल जिवाणू बऱ्याचदा पॉलिकार्बोनेटच्या गाळणीच्या छिद्रांत अडकवतात.

पेशी मऊ असते, म्हणून तिच्यासाठी पट्टीही फार नरम घेतात. एक नॅनोमीटर वाकायला 10 पिकोन्यूटन बल पुरेल इतकी नरम पट्टी मिळते. 100 ग्रॅम वजनाची वस्तू हातावर ठेवली तर साधारण 1 न्यूटन बल जाणवते. पिकोन्यूटन हा त्याचा एक लाख कोटीवा भाग. टिप आखून दिलेल्या जाळीवर बिंदूमागून बिंदू उतरते, टेकते, उठते आणि दर वेळी बलाचा आलेख नोंदवते. यात अंधारातली धडपड कुठेच नाही. चाचपडणारा कोणी असलाच, तर लेसर पट्टीच्या नेमक्या टोकावर आणू पाहणारा नवखा विद्यार्थी.

शिवाय प्रथिने शोधायची तर टिप कोरी नसते. तिच्यावर रेणू चिकटवलेला असतो, त्या प्रथिनाशीच जुळणारा. 2005 मध्ये बेल्जियममधल्या ईव्ह द्युफ्रेन यांच्या गटाने क्षयाच्या जिवाणूचे एक चिकटप्रथिन असेच हुडकले. पेशीला बिलगायला हे प्रथिन जिवाणूच्या कामी येते आणि ते हेपरिनला, म्हणजे साखरेच्या लांब साखळीच्या एका रेणूला, धरते, म्हणून टिपवर हेपरिन लावले. जिवंत मायकोबॅक्टेरियावर (क्षयाचा जिवाणू याच कुळातला) जिथे टिप उठताना अडली, तिथे ते प्रथिन. नकाशा तयार झाला तेव्हा दिसले की ही प्रथिने पृष्ठभागभर कशीही विखुरलेली नाहीत, नॅनोमीटरच्या मापाच्या पुंजक्यांत एकवटलेली आहेत. टिप जास्त वेळ टेकवून ठेवली तर पकड वाढते, हेही त्यात कळले.

आता 'तोडते'. हेपरिन आणि ते प्रथिन यांची जोडी ओढली की सुटते, तुटत नाही. गाठ सुटली तरी दोरी शाबूत राहते आणि पुन्हा बांधता येते. टिप पुढच्या बिंदूवर त्याच हेपरिनने नवे प्रथिन पकडते. दर वेळी काही तुटत गेले असते तर नकाशा बनलाच नसता. 'तुटणे' राखून ठेवावे सहसंयुज बंधासाठी, म्हणजे दोन अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेतल्याने होणाऱ्या बंधासाठी. आकड्यांतही तफावत मोठी आहे. बायोटिन हे जीवनसत्त्व आणि अ‍ॅव्हिडिन हे प्रथिन, ही जोडी चिवटपणासाठी प्रसिद्ध, तरी हर्मान गाउब यांच्या म्युनिकच्या गटाने 1994 मध्ये मोजलेले तिचे सुटण्याचे बल सुमारे 160 पिकोन्यूटन होते. त्याच गटाने 1999 मध्ये सिलिकॉन-कार्बन हा सहसंयुज बंध ओढून तोडला, तेव्हा सुमारे 2000 पिकोन्यूटन लागले.

ओढताना तिसरीही गोष्ट घडते. प्रथिनाची घडी मोडते, म्हणजे ते उलगडते, आणि आलेखात करवतीसारखे दाते उमटतात. हे 'उलगडणे' अनुवादकांना आपसूक सुचते, त्यावर वाद नाही.

तुमच्यासाठी मी वाक्य असे करीन: 'टिप पेशीचा पृष्ठभाग चाचपत जाते, टिपवरचा रेणू प्रथिनाला धरतो, आणि टिप वर ओढली की ती पकड सुटते.'

जाता जाता, 'अणुबल सूक्ष्मदर्शक' या नावाविषयी. अनुवाद करताना हिंदी मजकूरही संदर्भाला घेत असाल, तर जपून. मराठीत अणू म्हणजे मूलद्रव्याचा कण आणि अणू जुळून होतो तो रेणू. हिंदीत पहिल्याला परमाणु म्हणतात आणि दुसऱ्याला अणु. हिंदीतला 'अणु' तसाच उचललात तर टिपवर हेपरिनचा 'अणू' लावला जाईल. आणि नुसते 'अणुबल' शीर्षकात टाकू नका. लोकांना तो लेख अण्वस्त्रांचा वाटेल.