उरलेल्या टर्कीचं हलकं सूप

पहिल्यांदाच थँक्सगिव्हिंगचा स्वयंपाक करताय, तर टर्कीचा सांगाडा टाकू नका. शिजल्यापासून 2 तासांच्या आत मांस सोडवून उथळ डब्यांत फ्रिजमध्ये ठेवा आणि 4 दिवसांत संपवा. खोल पातेल्यात ते मधून गरमच राहतं आणि खराब होतं. हाडं बुडतील इतकं गार पाणी, कांदा, 2 गाजरं, सेलरी आणि 8-10 मिरे घालून मंद आचेवर 3 तास ठेवा. खळखळून उकळलंत तर चरबी पाण्यात मिसळते, सूप गढूळ होतं. गाळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि वर गोठलेला थर काढून टाका; सूप हलकं होतं ते इथेच. मीठ शेवटी, चव घेऊनच, कारण मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या टर्कीची हाडंही खारट असतात. थर काढलेलं सूप पुन्हा गरम करून त्यात ताज्या भाज्या शिजवा आणि त्या शिजल्यावरच मांस घाला, आधी घातलं तर चिवट होतं.