कॉम्प्युटरच्या वॉटर कूलिंगचे भाग घरी व्हिनेगरने धुतले तर चालतात का?

सरसकट नाही. तुमच्या बाबतीत तर नकोच.

तुम्ही लिहिलंय की लूप (पंप, नळ्या, ब्लॉक, रेडिएटर मिळून पाणी फिरण्याची साखळी) दीड वर्षापूर्वी भरला आणि नंतर उघडलाच नाही, पारदर्शक मऊ नळ्या आतून दुधाळ झाल्यात, सीपीयूचं तापमान आठ-दहा अंशांनी चढलंय आणि ब्लॉकला, म्हणजे सीपीयूवर बसून त्याची उष्णता पाण्यात सोडणाऱ्या भागाला, निकेल प्लेटिंग आहे. हे वाचून मला शेवाळापेक्षा प्लास्टिसायझरचाच संशय जास्त येतो. पीव्हीसीची नळी मऊ राहावी म्हणून तो तिच्यात घातलेला असतो. कोमट कूलंटमध्ये (लूपमध्ये फिरणाऱ्या द्रवात) तो हळूहळू सुटतो, थोडा नळीच्या आतच बसतो आणि उरलेला वाहत जाऊन ब्लॉकमध्ये अडकतो. त्याचा थर मेणचट असतो. व्हिनेगरने तो निघत नाही, उलट निकेलवर डाग पडू शकतात.

म्हणून धुण्याआधी घाण कसली आहे ते बघा. थोडी बोटावर घेऊन चोळा. मेणासारखी चिकटली तर प्लास्टिसायझर. बुळबुळीत, तंतूतंतू असेल तर शेवाळ किंवा जंतूंची वाढ. कूलंटच्याच रंगाचा गाळ असेल तर रंग फुटून खाली बसलाय. आणि निळसर-हिरवी पूड धातूला धरून बसलेली दिसली तर तो गंज. अशा वेळी लूपमध्ये कुठे ॲल्युमिनियमचा भाग आहे का ते आधी शोधा. तांबं आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात आले की ॲल्युमिनियम झिजत जातं. तिथे साफसफाईने भागत नाही, तो भाग बदलावा लागतो.

आता ब्लॉक, कारण खरी अडचण बहुतेक वेळा तिथेच असते. उघडण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. आतली जेट प्लेट (फटीतून पाणी पात्यांवर सोडणारी पट्टी) उलटी बसली तर प्रवाह बिघडतो, आणि ओ-रिंग (गळती रोखणारं रबरी कडं) कुठल्या खाचेत होती हे तासाभराने आठवत नाही. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे सैल करत काढा. खालची प्लेट तिरकी धरून टॉर्च मारा. बारीक पात्यांच्या मधल्या फटी जेमतेम अर्धा मिलिमीटर असतात, त्याहूनही कमीच. जेट प्लेटच्या फटीतून पाणी जिथे सरळ आदळतं, बरोबर त्या रेघेवर पांढरट-हिरवट लगदा दाबून बसलेला दिसेल. पाणी अडतं ते इथे.

कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब टाका, प्लेट थोडा वेळ बुडवून ठेवा आणि मऊ टूथब्रश पात्यांच्या दिशेनेच फिरवा, आडवा नको. पाती वाकली की वाकली. सुई, पिन, तारेची घासणी तिथे नेऊच नका. प्लेट उघड्या तांब्याची असती तर पातळ केलेलं व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिड काही मिनिटं चाललं असतं, तांबं गुलाबी होऊन निघतं. निकेलला मात्र साबणच. ब्लॉकचा वरचा भाग ॲक्रिलिकचा असेल तर त्याला अल्कोहोल लावू नका. स्क्रूच्या भोकांभोवती केसासारख्या भेगा पडतात आणि पुढे गळती तिथूनच सुरू होते. उकळतं पाणीही नको.

ओ-रिंग चपटी झाली असेल किंवा चिरली असेल तर बदला. बसवताना सिलिकॉन ग्रीस अगदी नावापुरतं लावा. पेट्रोलियम जेली लावली तर ईपीडीएमची (एका कृत्रिम रबराची) रिंग फुगते.

पाण्याची उष्णता हवेत सोडणाऱ्या रेडिएटरच्या आत आपल्याला डोकावता येत नाही, त्यामुळे त्यात आम्ल घालायला माझा विरोध आहे. आत किती उरलं ते कळायला मार्ग नसतो. गरम डिस्टिल्ड वॉटर अर्धं भरा, तोंडं बंद करून जोरात हलवा आणि पांढऱ्या भांड्यात ओता. काळे कण, जोडकामाच्या फ्लक्सचे अवशेष तिथे स्पष्ट दिसतात. पाणी नितळ येईपर्यंत हेच करत राहा. बाहेरची धूळ हवेने उडवताना पंख्याची पाती हाताने धरून ठेवा. ब्लॉक नळाखाली धुतला तरी शेवटचं विसळणं डिस्टिल्ड वॉटरनेच, नाहीतर क्षार आणि क्लोराइड आत राहतात.

दुधाळ झालेल्या मऊ नळ्या धुवत बसू नका, टाकून द्या. नव्या घेताना ईपीडीएमच्या घ्या. काळ्या असतात, आतलं पाणी दिसत नाही, पण हा त्रास पुन्हा सहसा होत नाही.

भरताना पंप कोरडा चालवायचा नाही, त्याच्या बेअरिंगला पाण्याचंच वंगण असतं. मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, सगळ्यांच्या वायरी काढा, फक्त पंप जोडलेला ठेवा आणि पॉवर सप्लायच्या 24 पिनांच्या कनेक्टरमधली हिरव्या वायरची पिन कुठल्याही काळ्या वायरच्या पिनला जोडून पंप चालवा. वायरी सगळ्या काळ्या असतील तर जम्पर प्लग (हेच काम करणारा तयार प्लग) वापरा. प्रत्येक फिटिंगखाली टिश्यू पेपर ठेवून दिवसभर बघा. ‘नॉन-कंडक्टिव्ह’ कूलंटवर विसंबून ही पायरी गाळू नका. लूपमध्ये फिरताना त्यात आयन मिसळत जातात आणि तो गुण ओसरतो.

नुसतं डिस्टिल्ड वॉटर पुरत नाही, गंजरोधक आणि जंतुनाशक लागतंच. तयार पारदर्शक कूलंटमध्ये दोन्ही असतात. ते साधारण वर्षाने बदला. अपारदर्शक, दुधी रंगाची कूलंट दिसतात छान, पण त्यांतले कण याच बारीक फटींमध्ये बसतात. रोजच्या मशीनमध्ये मी ती कधीच घालणार नाही. दोन वेगळी कूलंट एकत्र करू नका, आणि निकेल आहे म्हणून जंतू मारायला टाकतात ती चांदीची कॉइलही टाकू नका.

हे सगळं उघड्या, म्हणजे सुटे भाग स्वतः जोडून केलेल्या लूपबद्दल झालं. कंपनीतून सीलबंद येणारे एआयओ (ऑल-इन-वन कूलर) उघडू नका, त्यांची फक्त धूळ काढायची.

ब्लॉक निघालाच आहे तर थर्मल पेस्ट नवी लागेल. जुनी पुसायला सीपीयूवर आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, फक्त ते ॲक्रिलिकपर्यंत ओघळू देऊ नका. मशीन पूर्ण लोडवर चालवून कूलंटचं आणि सीपीयूचं तापमान दोन्ही लिहून ठेवा. पुढे कधी दोन्हींमधलं अंतर वाढलं तर ब्लॉक किंवा पेस्ट बघा. खोलीच्या मानाने कूलंटच जास्त तापत असेल तर आधी रेडिएटरची धूळ आणि पंखे बघा.