लंडनमार्गे कॅनडा: जाताना सोपं, घरी येताना अवघड

नमस्कार. तुमचा प्रश्न असा: ऑगस्टअखेर पुण्याहून टोरांटोजवळ मास्टर्सला निघायचंय, सोबत बायको आणि सात वर्षांची मुलगी. मुंबई–लंडन आणि लंडन–टोरांटो अशी दोन वेगळी तिकिटं काढली तर बरेच पैसे वाचतात, तर लंडनला ट्रान्झिट व्हिसा लागेल का? कॉलेज, बँक, विमा यांचं सगळं सरकारी साइटवर आहे, ते परत लिहीत नाही. लंडनचं मात्र सविस्तर लिहितो. तुमच्या प्रश्नात फक्त जाण्याचा विचार आहे, येण्याचा नाही, आणि तेच वाचून राहवलं नाही.

भारतीय पासपोर्टवर लंडनला नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो. त्याला डायरेक्ट एअरसाइड ट्रान्झिट व्हिसा म्हणतात; एअरसाइड म्हणजे इमिग्रेशन न ओलांडता विमानतळाच्या आतच राहणं. पण पासपोर्टमध्ये कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा चालू व्हिसा असेल तर त्यातून सूट आहे. म्हणजे पासपोर्टात कॅनडाच्या व्हिसाचा स्टिकर लागला की तुम्ही सुटलात. ही सूट प्रत्येकाची वेगळी मोजतात, तेव्हा बायकोच्या आणि मुलीच्या पासपोर्टातही ज्याचा-त्याचा स्टिकर हवा. वडिलांच्या व्हिसावर लेकरू पुढे जात नाही.

हे झालं एका तिकिटाचं. दोन तिकिटं काढलीत की गणित बदलतं. पहिली एअरलाइन सामान लंडनपर्यंतच टाकते. ते पट्ट्यावरून उचलायचं तर इमिग्रेशन ओलांडून बाहेर यावं लागतं, आणि मग एअरसाइडची सूट उपयोगाची राहत नाही. बाहेर येण्यासाठी ट्रान्झिट विदाउट व्हिसा अशी दुसरी सवलत आहे. कॅनडाचा चालू व्हिसा, विमानानेच येणं आणि विमानानेच जाणं, पुढचं पक्कं तिकीट, आणि दुसऱ्या दिवशी रात्री ११.५९ च्या आत निघणं, या तिच्या अटी. पण ती हक्काची नाही. समोरच्या अधिकाऱ्याला पटलं तर मिळते.

त्याच्याही आधी मुंबईचा काउंटर आहे. तिथला कर्मचारी टायमॅटिक नावाच्या प्रणालीत तुमचा पासपोर्ट आणि मुक्काम घालून बघतो. पहिलं तिकीट लंडनला संपत असेल तर त्याच्या लेखी तुम्ही लंडनलाच चाललात, आणि तो ब्रिटनचा व्हिसा मागतो. त्याच्यावर चिडू नका. कागद अपुरे असलेला माणूस ब्रिटनला नेला तर एअरलाइनला माणशी २,००० पौंडांपर्यंत दंड बसू शकतो. शंका आली की तो 'नाही' म्हणतो, आणि पहाटे दोन वाजता सहा बॅगा आणि पेंगुळलेली मुलगी घेऊन वाद जिंकता येत नाही.

म्हणून एकच तिकीट, एकच पीएनआर, म्हणजे बुकिंगचा क्रमांक. काउंटरवर बॅगेला चिकटवलेला टॅग स्वतः वाचा. त्यावर शेवटचा कोड टोरांटोचा, म्हणजे वायवायझेड, दिसला पाहिजे. लंडनच्या हीथ्रो विमानतळाचा एलएचआर शेवटी दिसला तर बॅग पट्ट्यावरून आत जाण्याआधीच बोला. हीथ्रोला उतरून लंडनच्याच दुसऱ्या विमानतळाहून, गॅटविकहून, उडणारं तिकीट घेऊच नका, बाहेर पडल्याशिवाय ते जमतच नाही. फ्रँकफर्ट आणि म्युनिक अशी युरोपातली दोन विमानतळं जोडणारं तिकीटही नको. तो आतला प्रवास धरतात आणि कॅनडाचा स्टिकर असूनही शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक, व्हिसा लागतो. अमेरिकेमार्गे तर नकोच. तिथे ट्रान्झिटसाठी वेगळा भागच नाही, प्रत्येकाला इमिग्रेशनमधून जावं लागतं आणि त्यासाठी त्यांचा व्हिसा हवा.

नावांचं एक बघून घ्या. आपल्याकडे पासपोर्टात पहिल्या नावाच्या रकान्यात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही येतं. तिकीट काढताना ते गाळलं, किंवा बायकोचं तिकीट सासरच्या आडनावाने आणि पासपोर्ट माहेरच्या, असं झालं तर काउंटरवर खोळंबा ठरलेला. पासपोर्ट, व्हिसा आणि तिकीट, तिन्हीकडे अक्षर न् अक्षर जुळवा. स्टिकर जुन्या पासपोर्टात असेल तर दोन्ही पासपोर्ट हातात ठेवा.

मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला, प्रगतिपुस्तक आणि लसीकरणाची नोंद हातातल्या बॅगेत. ओंटारिओत इयत्ता जन्माच्या वर्षावरून ठरते, आपल्याकडे किती शिकली यावरून नाही. हे मला आजही पटलेलं नाही. मूल येतं तेव्हा त्याला काय येतं हे आधी कुणीतरी विचारावं.

एकटेपणाचंही विचारलंत. पहिल्या हिवाळ्यात तो येतो. मराठी मंडळाच्या गणपतीला जा, शेजाऱ्यांच्या दारातला बर्फ काढून द्या, निभतं.

खरं अवघड आहे ते येणं. स्टडी परमिट आणि व्हिसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परमिट तुम्हाला कॅनडात राहू देतं, स्टिकर तुम्हाला कॅनडात शिरू देतो. कॅनडात बसून परमिट वाढवलं तरी स्टिकरची तारीख वाढत नाही, आणि लोक हे विसरतात. मग एखाद्या रात्री गावाहून फोन येतो, आईला ॲडमिट केलंय. हाताला लागेल ते तिकीट लंडनमार्गेचं असतं. स्टिकर संपलेला, आणि तो चालू असताना कॅनडात शेवटचा प्रवेश केल्याला सहा महिने उलटून गेलेले. त्या सहा महिन्यांच्या आत असाल तर लंडनची सूट परतीलाही चालते. त्यानंतर ट्रान्झिट व्हिसा काढावा लागतो, त्यासाठी बोटांचे ठसे द्यायचे आणि दिवस मोजत बसायचं. आयसीयूबाहेर थांबलेल्या माणसांना हे फोनवर कसं सांगायचं?

अशा वेळी दुबई, दोहा किंवा अबू धाबीमार्गे एकाच तिकिटावर जा, किंवा दिल्लीचं थेट विमान बघा. आखातात विमानतळाबाहेर न पडता विमान बदलायला व्हिसा लागत नाही. तिकीट महाग पडलं तरी तेच घ्या. पुढेमागे कॅनडात बाळ झालं तर त्याचा कॅनडाचा पासपोर्ट येताच ओसीआयला, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांच्या कार्डाला, अर्ज करा. आईवडील भारतीय असले म्हणून बाळाला भारतात तसंच शिरता येत नाही.

निघण्याआधी तिघांच्या पासपोर्टांची मुदत बघा. व्हिसा आणि परमिट, दोन्ही पासपोर्टाच्या मुदतीपलीकडे देत नाहीत, तेव्हा मुदत कमी उरली असेल तर आधी पासपोर्ट नवा करा आणि मगच अर्ज. पुढे परमिट वाढलं की त्याच आठवड्यात नव्या स्टिकरसाठी ऑनलाइन अर्ज टाका. तो मंजूर झाल्यावर पासपोर्ट टपालाने पाठवावा लागतो आणि तो परत येईपर्यंत तुम्ही कुठेही जाऊ शकत नाही. म्हणून घरी सगळे बरे असतील असा महिना त्यासाठी निवडा, आणि तिघांचे पासपोर्ट एकदम पाठवू नका. एकाचा तरी घरात असू द्या.